मध्ये कुणी उभं राहू नका

"ही दोरी परत सैल पडली," बायको बाल्कनीतून म्हणाली. "परवाच तर तू एवढी ताणून बांधली होतीस. बघ, चादर जमिनीला लागतेय."

"ताणलेली वस्तू सैल पडणारच," नवरा आरशासमोर दाढी करता करता म्हणाला. "आमच्या बीममधल्या तारासुद्धा पडतात. पण आम्ही तेवढं आधीच वजा करून..."

एवढं बोलून तो थांबला आणि त्याचा रेझर धरलेला हातही थांबला. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. बायकोला वाटलं, कापलं. कापलं असतं तर परवडलं असतं. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न येऊन बसला होता आणि तो हलायला तयार नव्हता. सासऱ्यांच्या मजल्याच्या वेळी आपण ते वजा केलं होतं का?

हा गृहस्थ काँक्रीटचे बीम बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. बीममध्ये किती ताण येतो, किती दाब येतो, तो किती सोसेल, याचे हिशेब करणं हे त्याचं काम. आता हे बीम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. पाच-सहा पुस्तकं एका ओळीत धरून दोन्ही तळहातांनी दोन्हीकडून दाबली, तर ती आडवी उचलता येतात. हात जरा सैल सोडले की सगळी पायावर. या बीमचंही तसंच असतं. आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात. त्या बीमला दोन्ही टोकांकडून आवळून धरतात, म्हणून त्याच्यावर मजला उभा राहतो, मजल्यावर माणसं उभी राहतात. पण पुढे या तारा थोड्या सैलावतात. किती सैलावतील ते आधीच धरून तेवढा जोर हिशेबातून कमी करायचा असतो. कारखान्यात त्याला लॉस म्हणत. लॉस वजा न करता हिशेब केला, तर कागदावरचा मजला भक्कम आणि खरा मजला रामभरोसे.

आणि असली चूक दुसऱ्या कुणी केली असती तर एक वेळ समजण्यासारखं होतं. या माणसाला कारखान्यात सगळे दीडपट म्हणत. मजल्यावर येणारं वजन दीडपट धरून हिशेब करायचा, हा त्यांच्या धंद्यातला नियम. याने तो घरी आणला. चार माणसं जेवायला येणार असली की हा सहा ताटं काढायला लावायचा. गाडी पकडायची असली की इतका आधी स्टेशनवर जाऊन बसायचा, की आदल्या गाडीचे लोक त्याला आपल्यातलाच समजून सरकून जागा द्यायचे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तेवढ्या तो मोजून घेत असे, कारण तिथे दीडपट चालत नाही हेही त्याने डॉक्टरांना दोनदा विचारून ठेवलं होतं.

तर अशा माणसाला त्या सकाळी आठवेना. आठवत होतं ते इतकंच, की सासऱ्यांच्या कामाला तारांच्या जोराचा आकडा नेहमीच्या ठिकाणाहून घेतला नव्हता, दुसऱ्याच एका तक्त्यातून उचलला होता. त्या तक्त्यात लॉस आधीच वजा केलेला होता, की आपल्याला करायचा होता? आणि केला का?

"आजच का आठवायचं हे?" तो स्वतःशीच पुटपुटला.

कारण आजच तर सगळं होतं. सासूबाईंचा सत्तरावा वाढदिवस होता, आणि त्याच मुहूर्तावर सासऱ्यांच्या घरावर बांधलेला नवा हॉल उघडायचा होता. सासूबाई साठीच्या पुढच्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घेत. इतकी वर्षं तो अंगणात चालायचा. आता तो वरच्या हॉलमध्ये भरणार होता, आणि आज चाळीस पाहुण्यांसमोर त्याचं प्रात्यक्षिक होतं.

हॉल बांधायचा ठरला तेव्हा दीडपटच्या साडूने, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, सरळ जागेवर स्लॅब ओता म्हणून सांगितलं होतं. साडू बांधकामाचा ठेकेदार. त्याचं घरात वजन. दीडपटने भीत भीत कारखान्यातल्या छोट्या बीमचं सुचवलं, आणि सासऱ्यांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्याचं ऐकलं. त्या दिवशी दीडपट घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "तुझे बाबा मला जावई मानायला लागले वाटतं." आता त्या मजल्याला काही झालं, तर जावईपण तर जाईलच, पण चाळीस माणसं खाली येतील. हा दुसरा विचार पहिल्याच्या नंतर मनात आला, याची त्याला लाजही वाटली.

त्याने घाईघाईने दुसरा गाल उरकला आणि कारखान्यातल्या तपासणीच्या मॅडमना फोन लावला. दीडपटने केलेला प्रत्येक हिशेब या मॅडम तपासून खाली सही करत. सुट्टीचा दिवस, त्या पार्लरमध्ये केसांना रंग लावून बसल्या होत्या.

"सर, लॉस आपण नेहमी वजा करतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"नेहमी करतो. पण तेव्हा केला का?"

"तपासल्याची सही माझी आहे ना?"

"तुमचीच आहे."

"मग केला असणार. केल्याशिवाय मी कशी सही करीन?"

"मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असतो, आणि हिशेब माझा आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता."

"हे मात्र आहे," मॅडम म्हणाल्या. "फाइल ऑफिसात आहे. रंग धुतला की जाऊन बघते. तोवर वर किती माणसं असतील?"

"चाळीसेक."

"बसलेली?"

"आधी बसलेली. नंतर उड्या मारणारी. एका तालात."

फोनवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "तशीच निघते."

सासऱ्यांच्या घरी पोचेपर्यंत दीडपट एक शब्द बोलला नाही. बायकोला वाटलं, भेट आणायला विसरला म्हणून तोंड पाडून बसलाय.

जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी सासरे स्वागताला उभे होते. वजनमापं तपासण्याच्या खात्यातून ते निवृत्त झाले होते, आणि समोरच्या माणसाचं वजन नुसत्या नजरेने सांगायची त्यांना सवय होती. अंदाज सहसा चुकत नसे. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याची मजा वाटे.

"या, या. तुम्ही सत्तर. वहिनी, तुम्ही साठ, पण मागच्या खेपेपेक्षा उतरलात हं. अरे वा, मामा, शंभरी ओलांडलीत की तुम्ही. चढा, चढा, वर भरपूर जागा आहे."

मामा हसत हसत जिना चढले. दीडपट मनातल्या मनात बेरीज करत राहिला. एरवी सासऱ्यांचा हा खेळ त्यालाही आवडायचा, पण आज प्रत्येक आकडा छातीत रुतत होता.

"आले आमचे इंजिनिअर," सासरे त्याला बघून म्हणाले. "जावईबापू, मी सगळ्यांना सांगतोय, हिशेब तुमचा आहे म्हणून. काय झालं? तोंड उतरलंय."

"काही नाही बाबा. जरा खाली बसतो."

खालच्या खोलीत सोफ्यावर तो उताणा पडला, म्हणजे छत नीट दिसेल. बरोबर मधोमध एक बारीक काळी रेघ होती. सोफ्यावर उभं राहून त्याने हाताने चाचपून पाहिलं, तर ते कोळिष्टक निघालं. तेवढ्यात मेहुणी, साडूची बायको, आत आली. जावई सोफ्यावर उभा, हात वर केलेले आणि घामाघूम.

"काय रे, पाठ धरली का?" तिने विचारलं.

आता खरं काय सांगणार? "हो ताई, जरा धरली," तो म्हणाला. माणूस घाबरलेला असला की समोरून आलेलं कारण घेऊन टाकतो. हे कारण त्याला केवढ्याला पडणार होतं, ते त्याला कुठून कळणार.

वर गेला तर हॉल गजबजलेला. आणि नेमके सगळे मधोमध उभे. भिंतीपाशी हवा खराब असल्यासारखे. मध्ये केकचं टेबल, भोवती गर्दी, गर्दीच्या मध्ये मामा. बीम दोन समोरासमोरच्या भिंतींवर टेकलेले असतात. टेकलेल्या टोकांपाशी वजन ठेवलं तर बीमला विशेष काही वाटत नाही, पण तेच वजन मधोमध आणलं की सगळ्यात जास्त जाच होतो. दीडपट दारातच थबकला.

मागून जिन्यावर "हळू, हळू, कोपरा सांभाळ" असा आरडाओरडा ऐकू आला. आठ मजूर घामाघूम होऊन एक दगडी टेबल वर आणत होते. काळ्या दगडाचं, एका अखंड शिळेचं. मागोमाग साडू.

"आईंना माझ्याकडून," साडू म्हणाला. "व्यायाम करून दमल्या की बायका भोवती बसतील. ए, ठेवा रे, एकदम मध्ये ठेवा."

"मध्ये नको," दीडपट म्हणाला.

"का? शोभा मध्येच येते."

"भिंतीला टेकून बरं दिसेल. मध्ये उड्या मारायला जागा हवी ना."

उड्यांचं नाव त्याने स्वतःच काढलं आणि स्वतःच दचकला. साडूने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "इंजिनिअरसाहेब, तुमचाच मजला ना हा? की टेबलाला भिताय?"

"छे, छे," म्हणत दीडपटने टेबलाला खांदा लावला आणि मजुरांच्या जोडीने ते भिंतीपर्यंत ढकलत नेलं. पाठ धरलेला माणूस दगड ढकलतोय, हे मेहुणीने पाहिलं आणि ती आईला सांगायला गेली.

टेबल हललं, पण माणसं राहिलीच. त्याने मधल्या खुर्च्या उचलून भिंतीशी मांडायला सुरुवात केली. "इथे बसा काका, इथे हवा छान येते." "मावशी, तिकडे ऊन लागेल, इकडे या." लोक बसले. पण निम्मे भलत्याच भिंतींना बसले, म्हणजे ज्या दोन भिंतींवर बीम टेकलेलेच नव्हते तिथे. तिथे बसलं काय आणि मध्ये बसलं काय, कडेच्या बीमला सारखंच. त्याने त्यांना पुन्हा उठवलं.

"या भिंतीत काय खोट आहे?" मामांनी विचारलं. त्यांनी नुकतंच टेकायला सुरुवात केली होती.

"खोट नाही मामा. त्या भिंतीपाशी बरं वाटेल."

"मला इथे बरं वाटतंय."

"तिथे जास्त बरं वाटेल," दीडपट इतक्या काकुळतीला येऊन म्हणाला, की मामा उठले.

थोड्या वेळाने हॉलची अवस्था अशी झाली की दोन समोरासमोरच्या भिंतींना माणसं ओळीने बसली आहेत, एकमेकांकडे बघताहेत, आणि मध्ये मोकळ्या जागेत केक एकटाच उभा आहे. एखाद्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसं झालं. "एकेकाने या आणि केक घेऊन जागेवर जा," असंही त्याने जाहीर केलं. बोलता बोलता सारखा फोन बघत होता. फोन गप्प होता.

या सगळ्यात वर्गाचे मोठाले रबरी चेंडू त्याच्या पायात येत होते. सासूबाईंनी ते मध्ये रचून ठेवले होते आणि ते घरंगळत भिंतींकडे जात होते. तो उचलून मध्ये ठेवायचा, चेंडू पुन्हा भिंतीकडे. एरवी या माणसाला चमचा तिरका पडलेला दिसला तरी तो टेबलाचा पाय मोजायचा. त्या दिवशी त्याला चेंडूंचा नुसता राग आला. भीती डोक्यात शिरली की शिकलेलं सगळं बाहेर जाऊन बसतं, त्याला कोण काय करणार.

"जावईबापू," सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी घातली होती. "पाठ धरलीय म्हणे तुमची. आणि वर टेबलं ढकलताय. चला, आडवे व्हा. आत्ता मोकळी करते."

"आई, आत्ता नको. इथे भिंतीपाशी..."

"भिंतीपाशी हात कसे पसरणार? मध्ये चला." आणि त्यांनी शिट्टी फुंकली. "मुलींनो, पाठ धरली तर काय करायचं ते दाखवते. जवळ या सगळ्या."

त्यांच्या मुली म्हणजे साठीच्या पुढच्या वीस-बावीस बायका. त्या उठल्या आणि मधोमध आडव्या पडलेल्या जावयाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. मध्ये कुणी येऊ नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्या माणसाने अख्खा वर्ग मजल्याच्या नेमक्या नाजूक जागी आणून उभा केला होता. मामाही नीट दिसावं म्हणून मध्ये आले. पाहुणे येऊन संपले तसे सासरेही वर आले होते. दीडपट फरशीला कान लावून पडला होता आणि आतून काही आवाज येतो का ते ऐकत होता. एक आवाज आला. ते त्याचंच पोट होतं.

"तोंड पांढरं पडलंय त्यांचं," एक बाई म्हणाल्या. "नस दबली असेल."

बायको त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. "काय होतंय तुला? सकाळपासून बघतेय," तिने हळू आवाजात विचारलं.

त्याने तिला सगळं सांगितलं, आडव्या आडव्याच. दोरी, तारा, लॉस, मॅडम, सगळं. बायको ऐकत गेली तशी तिची नजर फरशीवरून भोवतालच्या पांढऱ्या बुटांवर फिरली.

"मग सांग ना सगळ्यांना," ती म्हणाली.

"बाबांनी पहिल्यांदा माझं ऐकलंय गं. आणि तुझे भावोजी तर टपलेलेच आहेत. कदाचित वजा केलेलं असेलही. थोडं थांबू, मॅडमचा फोन येईल."

"आणि आधी उड्या सुरू झाल्या तर?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "झाली पाठ मोकळी. आता सगळ्या ओळीत. सुरुवात जोरदार करू. माझ्या शिट्टीवर, दोन्ही पायांनी, एकदम."

बायका ओळीत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी शिट्टी ओठांना लावली. आणि दीडपट उठला. आयुष्यात कधी इतक्या लोकांसमोर तो बोलला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "उड्या मारू नका. मध्ये कुणी उभं राहू नका. या मजल्याच्या हिशेबात माझी चूक झाली असावी. झालीय असं नाही, पण मला खात्री नाही. आणि मला खात्री नसताना तुम्ही इथे असता कामा नये. सगळे खाली चला. धावू नका, एकेकाने उतरा. चूक माझी आहे, बाबांची नाही."

सगळ्यात आधी मामा जास्तीत जास्त हलक्या पावलांनी जिन्याकडे निघाले. त्यांच्यामागे बाकीचे. सासऱ्यांचं तोंड त्याला दिसलं नाही, कारण तिकडे बघायची त्याला हिंमतच झाली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्याच्या हातात फक्त केकबरोबरचा कागदी रुमाल होता.

खाली येऊन सगळे खालच्या खोलीत जमले, म्हणजे बरोबर त्याच मजल्याच्या खाली. ते दीडपटच्या लक्षात यायला एक क्षण लागला. "इथे नको, इथे नको," म्हणत त्याने सगळ्यांना अंगणात काढलं. केक मामांनी हातात धरून आणला. चाळीस माणसं अंगणात उभी राहून वर बघू लागली.

"मी म्हणालोच होतो, स्लॅब ओता," साडू म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती. "टेबल मध्ये नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं."

आणि फोन वाजला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "फाइल समोर आहे. लॉस वजा केलाय."

दीडपट मटकन पायरीवर बसला. "नक्की?"

"नक्की. त्या तक्त्यात आधीच वजा केलेला होता. तुम्ही तो परत एकदा वजा केलाय. म्हणजे दोनदा झाला. आणि त्यामुळे तुम्हाला जोर कमी वाटला, म्हणून तुम्ही तारा वाढवल्यात. खाली माझी सही आहे, तेव्हा हसण्याचा हक्क मला नाही, पण सर, त्या मजल्यावर ट्रक उभा करा, काही होणार नाही."

"मग धोका कसलाच नाही?"

"पडण्याचा नाही. जास्तीच्या तारा खालून आवळताहेत ना, त्यामुळे वरून पुरेसं वजन नसेल तर बीम मधून वर फुगेल, आणि हळूहळू फुगत राहील. तडे जातील फरशीला. तिथे गोल वस्तू ठेवली तर कुठे जाते?"

दीडपटला चेंडू आठवले. सकाळपासून ते बिचारे एकच गोष्ट सांगत होते. "भिंतीकडे," तो म्हणाला.

"म्हणजे फुगलाय थोडा. मध्ये काहीतरी जड ठेवा, कायमचं. आणि वापरात ठेवा. आत्ता वर किती माणसं आहेत?"

"मी सगळ्यांना खाली काढलं."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "चढवा परत."

हे सांगणं सोपं. अंगणात येऊन दीडपट म्हणाला, "चला, वर चला सगळे. मजला भक्कम आहे. उलट मध्येच उभे राहा, जितके मध्ये राहाल तितकं चांगलं."

"आत्ताच तर मध्ये उभं राहू नका म्हणालात," एक बाई म्हणाल्या.

"ते आधी. आता उभं राहायला हवं."

"आधी त्या भिंतीला बसवलंत, मग या भिंतीला बसवलंत, मग अंगणात आणलंत," मामा केक सांभाळत म्हणाले. "मी आता इथेच बरा आहे."

"मॅडम म्हणतात, ट्रक उभा करा."

"मग ट्रकच आणा," साडू म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. दीडपटने लॉसबद्दल समजावून सांगायला सुरुवात केली. दोनदा वजा केल्यामुळे जास्त झालं, हे ऐकून तर लोक आणखी दोन पावलं मागे सरकले. खरं सांगून बसलेला माणूस पुन्हा खरं सांगायला लागला, की त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती एकदम म्हणाली, "बाबा कुठेत?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सासरे अंगणात नव्हते. ते उतरलेच नव्हते.

दीडपट धावत जिना चढला. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध एक खुर्ची ओढून सासरे बसले होते. मांडीवर बशी, बशीत केक, आणि ते निवांत खात होते.

"बाबा, तुम्ही खाली का नाही आलात? मी सांगितलं होतं ना. मजला पडला असता तर?"

"बसा," सासरे म्हणाले. "आलो असतो, तर सगळ्यांना वाटलं असतं की माझाही विश्वास नाही. जावईबापू, मी जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले. बरोबर काटा एखादाच असतो. बाकी सगळे चुकतात. पण प्रत्येक काटा आपल्या ठरलेल्या बाजूलाच चुकतो, कधी या तर कधी त्या बाजूला असं करत नाही. मालक तसा काटा. तुमचा चुकला तर कुठल्या बाजूला चुकणार, हे मला तुमच्या लग्नापासून माहीत आहे. म्हणून तर तुमचे बीम घेतले. मोठ्या जावयाला हे सांगायचं कसं, म्हणून बोललो नाही इतकंच. फोन काय म्हणाला?"

"जास्त झालंय," दीडपट म्हणाला. "तारा जास्त पडल्यात."

"मग झालं तर." सासऱ्यांनी शेवटचा घास खाल्ला आणि बशी खुर्चीखाली ठेवली. "पण खालचे लोक येणार नाहीत असे. त्यांना ऐकू गेलं पाहिजे. उठा."

"काय करायचं?"

"उडी मारायची. तुमची सासू रोज मारते, आपल्याला काय धाड भरलीय?"

आणि ते उठले. धोतर असतं तर खोचलं असतं, विजार होती म्हणून नुसते तयार झाले. जावयाने बूट काढले. दोघं मधोमध समोरासमोर उभे राहिले, एकमेकांचे हात धरले, आणि उडी मारली. धप्प. मजल्याने दाद दिली नाही. पुन्हा मारली. दीडपटला सकाळपासून पहिल्यांदा पुरता श्वास आला, आणि त्या श्वासाबरोबर हसू आलं. सासऱ्यांनाही आलं. हसत, धापा टाकत, वेडीवाकडी पावलं टाकत दोघं उड्या मारत राहिले. खाली अंगणात आवाज जात होता आणि चाळीस माणसं मान वर करून ऐकत होती. साडूला राहवेना. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला, दारात उभा राहिला, फरशीकडे बघितलं, भिंतीच्या सांध्याकडे बघितलं, आणि ठेकेदाराच्या डोळ्याला कुठेच काही सापडेना, तेव्हा मुकाट्याने चप्पल काढून आत आला.

त्याच्यामागे सासूबाई आल्या. त्या कंबरेवर हात ठेवून दारातच थांबल्या आणि नवऱ्याकडे, दोन्ही जावयांकडे थोडा वेळ बघत राहिल्या. तिघांनाही वाटलं, आता काय बोलणी बसताहेत कुणास ठाऊक.

"टाचांवर काय उतरताय सगळे?" त्या म्हणाल्या. "चवड्यांवर उतरा. गुडघे वाकवा. पहिल्यापासून करा."

आणि त्यांनी शिट्टी फुंकली.